लिनक्ससाठी कॉम्प्युटर घ्यायचाय? आधी आतली चिप बघा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा देणं, बंद केला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे घराघरांत धडधाकट यंत्रं अडकून पडली आणि कंपन्यांनी बदलून टाकलेले लॅपटॉप दुकानांत आले. अशा वेळी लिनक्स या मोफत, खुल्या प्रणालीकडे वळणाऱ्याचा पहिला प्रश्न हमखास तिच्या वेगवेगळ्या रूपांबद्दल असतो, ‘उबुंटू टाकू, मिंट टाकू की फेडोरा?’ या प्रश्नाचं उत्तर चुकलं तरी फारसं बिघडत नाही, तासाभरात दुसरं लिनक्स टाकता येतं. यंत्र चुकलं तर पैसे गेलेले असतात आणि वायफाय बंद असतं. म्हणून मी कुणालाही आधी यंत्राबद्दल विचारतो.

यामागचं कारण एकदा नीट समजून घ्या. विंडोजसाठी ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, लिहायचं काम यंत्र किंवा चिप बनवणारी कंपनी करते आणि तो ड्रायव्हर आपण वेगळा बसवतो. लिनक्समध्ये जवळपास सगळे ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याबरोबरच, येतात. एखाद्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असेल तर पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केल्याबरोबर ती चालते, तुम्हाला काहीच करावं लागत नाही. नसेल तर कुणीतरी इंटरनेटवर ठेवलेला ड्रायव्हर स्वतः बसवावा लागतो आणि कर्नल बदलला की तो पुन्हा मोडू शकतो. लॅपटॉपच्या झाकणावर कुठल्या कंपनीचं नाव आहे, प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा आहे, हे सगळं त्यानंतर. आत वायफाय कोणाचं, ग्राफिक्स कोणाचं, आणि त्या चिपा कर्नलला ओळखीच्या आहेत का, एवढं ज्याला विचारता आलं त्याची खरेदी सहसा फसत नाही.

आधी काम ठरवा, आणि न होणारं कामही

प्रोग्रॅमिंग शिकणं, कॉलेजचे प्रकल्प, ब्राउझर, ऑफिसचे दस्तऐवज, ऑनलाइन वर्ग, फोटो-व्हिडिओचं हलकंफुलकं काम, घरातला छोटा सर्व्हर: यांसाठी काही वर्षं वापरलेलं यंत्र अगदी पुरतं. महागाचं घेऊ नका.

पण आपल्याकडे कॉम्प्युटरवर आणखीही काही गोष्टी अवलंबून असतात. टॅली विंडोजसाठीच बनतं. निविदा भरायला लागणारा डिजिटल सहीचा टोकन काही पोर्टलवर लिनक्समधून चालतो, काहींवर नाही, तेव्हा ज्या पोर्टलवर सही करायची त्याच्या मदत-पानावर लिनक्सचा उल्लेख आहे का ते आधी बघा. बोटाच्या ठशांचं यंत्र लावून सेवा केंद्र चालवणाऱ्यांनीही तेच करावं. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आणि जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये ज्यांचं छपाईचं काम अडकलंय, त्यांनी निदान एक विंडोज यंत्र ठेवावं. युनिकोडमध्ये टंकणाऱ्यांना ही अडचण नाही. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये तयारच असतो.

प्रिंटरचं आताच सांगतो, कारण नवा माणूस सगळं जुळवतो आणि इथे अडकतो. आपल्याकडच्या असंख्य ऑफिसांत कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० दिसतो. छपाईयंत्र म्हणून दोन्ही चिवट. पण कॅननचा तो प्रिंटर कंपनीच्या स्वतःच्या कॅप्ट नावाच्या भाषेत बोलतो आणि लिनक्सवर तो सुरू करणं खटपटीचं आहे. एचपी १०२० तुलनेने सोपा. त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, प्रिंटर सुरू झाला की कॉम्प्युटरकडून त्याच्यात जावं लागतं, त्यामुळे एचपीलिप या मोफत सॉफ्टवेअरचा जोड-भाग एकदा उतरवून घ्यावा लागतो. नवा प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर एअरप्रिंट लिहिलेलं आहे का एवढं बघा. असे प्रिंटर लिनक्सला सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय दिसतात.

कोणता प्लॅटफॉर्म

आज साधारण तीन घराणी समोर येतात: इंटेल-एएमडीची एक्स८६-६४, मोबाइलमधली आर्म, आणि खुल्या रचनेची रिस्क-फाइव्ह.

नवशिक्याने एक्स८६-६४ घ्यावं, असं मी निःसंकोच सांगतो. वेग हे त्याचं कारण नाही. पीसीच्या जगात यंत्र सुरू कसं व्हावं आणि आत काय काय आहे ते कर्नलला कसं सांगावं, याचे ठरलेले संकेत आहेत: यूईएफआय आणि एसीपीआय. त्यामुळे डेबियन या लिनक्सचा एकच पेनड्राइव्ह डेलवर, लेनोवोवर आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जोडलेल्या डेस्कटॉपवरही चालतो. आर्मच्या बहुतेक बोर्डांमध्ये असं नाही. तिथे बोर्डाचं वर्णन डिव्हाइस ट्री नावाच्या वेगळ्या फाइलमधून कर्नलला द्यावं लागतं आणि बऱ्याचदा प्रत्येक बोर्डाला त्याची स्वतंत्र इमेज, म्हणजे प्रणालीची तयार फाइल, लागते. बोर्ड विकणाऱ्याने ती इमेज अद्ययावत करणं सोडलं की तुमचा बोर्ड जुन्या कर्नलवर अडकतो.

याला चांगला अपवाद रास्पबेरी पाय या छोट्या आर्म बोर्डाचा. २०१२मध्ये पहिला पाय आला तेव्हापासून त्यांनी स्वतःची प्रणाली सातत्याने सांभाळली आहे. सेन्सर, रोबो, घरातला छोटा सर्व्हर, शाळेतला प्रयोग यासाठी पाय उत्तम. रोजचा कॉम्प्युटर म्हणून घेताना मात्र पूर्ण हिशोब मांडा. पाय ५ला पूर्ण ताकदीसाठी ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, मोबाइलचा चार्जर चालवून घेऊ नका. पंखा किंवा हीटसिंक लागतं. मेमरी कार्डावर रोजचं काम केलं तर सतत लिहिण्यामुळे आणि अचानक वीज गेल्यामुळे कार्ड खराब होतं, म्हणजे एनव्हीएमई डिस्क आणि ती जोडायचा बोर्डही आला. मग पेटी, केबल, मॉनिटर. एवढ्यात कंपनीतून बाहेर पडलेला छोटा डेस्कटॉप बऱ्याचदा येऊन जातो, आणि त्याची रॅमही वाढवता येते.

ॲपलच्या एम१ आणि एम२ मॅकवर ‘असाही’ नावाचं लिनक्स चालतं आणि त्यामागचं काम थक्क करणारं आहे, कारण कंपनीच्या कागदपत्रांशिवाय लोकांनी ती चिप समजून घेतली. असा मॅक आधीच घरात असेल तर जरूर प्रयोग करा. लिनक्ससाठी म्हणून विकत घेऊ नका. स्नॅपड्रॅगन एक्स चिपच्या २०२४ पासूनच्या लॅपटॉपना कर्नलचा आधार हळूहळू मिळतोय, पण एकेका मॉडेलला वेगवेगळा. तेही सध्या थांबवा.

रिस्क-फाइव्हबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांची रचनाच सर्वांसाठी खुली असणं ही मोठी गोष्ट आहे, आणि आपल्याकडे आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर त्याच पायावर उभे आहेत. डेबियनने १३व्या आवृत्तीपासून त्याला अधिकृत स्थान दिलं. पण हे क्षेत्र फार वेगाने बदलतंय: उबुंटूने २५.१० पासून आरव्हीए२३ या नव्या मानकाची अट घातली आणि तोवर विकले गेलेले बहुतेक बोर्ड तिच्याबाहेर राहिले. शिकायला घ्या, कामाला नको.

पिढी कशी ओळखायची

दुकानदार सांगतो, ‘आय-फाइव्ह आहे, एकदम फास्ट.’ आय५ हे नाव २००९ पासून चालू आहे, त्यामुळे नुसतं आय५ ऐकून काहीच कळत नाही. पूर्ण क्रमांक विचारा. आय५-७२००यूमध्ये सुरुवातीचा ७ म्हणजे सातवी पिढी, आय५-८३५०यूमध्ये आठवी, आय५-११३५जी७मध्ये अकरावी. सातवीतून आठवीत जाताना लॅपटॉपच्या आय५मध्ये दोन कोअरचे चार झाले. किमतीतला फरक थोडा असेल तर मी आठवीच्या खाली जाणार नाही.

व्हिडिओचंही बघा. सातव्या पिढीपासून व्हीपी९ आणि १० बिटचा एचईव्हीसी या पद्धतींनी दाबून साठवलेला व्हिडिओ ग्राफिक्स चिप स्वतः उलगडते. त्याआधीच्या यंत्रात बराचसा बोजा प्रोसेसरवर पडतो, पंखा घरघरतो, बॅटरी उतरते. एव्ही१ या नव्या पद्धतीसाठी इंटेलची अकरावी पिढी लागते.

खालची मर्यादाही सांगून ठेवतो. ३२ बिटचं यंत्र, म्हणजे उदाहरणार्थ जुन्या नेटबुकमधला ॲटम एन२७०, आता नव्याने कुणी देऊ केलं तर फुकटही नको. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, त्यावर हलकं लिनक्स चालतं, पण आजची वेबपानंच त्याला झेपत नाहीत. ज्यांना नोकरीसाठी रेड हॅटचं लिनक्स शिकायचंय त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १०ला एक्स८६-६४-व्ही३ दर्जाचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या कोअर मालिकेत हा दर्जा चौथ्या पिढीपासून, साधारण २०१३ पासून मिळतो. पेंटियम आणि सेलेरॉन नावाच्या स्वस्त चिपांमध्ये मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं त्यातला एव्हीएक्स२ हा भाग नव्हता. तेव्हा ‘नवा सेलेरॉन आहे’ याला भुलू नका.

फार नवं घेण्यातही धोका आहे. चिप बाजारात आली त्यानंतर तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये पक्का व्हायला वेळ जातो आणि मग तो कर्नल तुमच्या लिनक्समध्ये यायला आणखी वेळ. डेबियन १३मध्ये ६.१२ कर्नल आहे. त्यानंतर आलेल्या चिपेसाठी फेडोरासारखं नवा कर्नल देणारं लिनक्स लागेल. यंत्र दोन वर्षांहून जुनं असेल तर ही काळजी बहुतेक मिटते.

कंपन्यांसाठी बनलेलं यंत्र घ्या

डेलचं लॅटिट्यूड, एचपीचं एलिटबुक, लेनोवोचं थिंकपॅड ही यंत्रं मोठ्या कंपन्या हजारोंनी घेतात. एकच मॉडेल मोठ्या संख्येने बनतं, त्यात बऱ्याचदा इंटेलचं वायफाय असतं, दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते, आणि कळफलक, बॅटरी, बिजागरी सुटी मिळते. लिनक्सचे अनेक प्रोग्रॅमर स्वतः हीच यंत्रं वापरतात, त्यामुळे त्यातले दोष लवकर सापडतात आणि सुधारतातही. शिवाय या तिन्ही कंपन्या बऱ्याच मॉडेलांचं फर्मवेअर एलव्हीएफएस या सामाईक सेवेवर ठेवतात, म्हणजे बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ फर्मवेअरची) सुधारित आवृत्ती लिनक्समधूनच बसवता येते. घरगुती मालिकांमध्ये एकाच नावाखाली वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या वायफाय चिपा भरलेल्या सापडतात. मित्राकडचं चालतंय म्हणून तुमचं चालेल, असं तिथे म्हणता येत नाही.

आठव्या पिढीतली तीन नावं लिहून ठेवा: थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९०, एलिटबुक ८४० जी५. तिन्हीत रॅमच्या दोन सुट्या जागा आहेत. एक अक्षर बदललं की गोष्ट बदलते, हे विसरू नका: टी४८०एसमध्ये काही रॅम बोर्डावरच डकवलेली असते आणि एकच जागा मोकळी, एक्स२८०मध्ये तर सगळीच डकवलेली. सगळी ८ जीबी डकवलेलं, मोकळी जागा नसलेलं यंत्र ८ जीबीचंच राहणार. आज ८ जीबी किमान धरा, १६ असली तर आणखी पाच वर्षांची चिंता नाही.

या तिघांपैकी माझी निवड टी४८०. आत एक बॅटरी आणि मागे काढता येणारी दुसरी, त्यामुळे यंत्र बंद न करता बाहेरची बॅटरी बदलता येते. वीज तासन् तास जाणाऱ्या गावात याचं मोल कळतं. लिब्रबूट हे मुक्त बायोसही २०२४च्या अखेरीपासून त्यावर चालतं, पुढे त्या वाटेने जायची इच्छा झाली तर दार उघडं आहे. घेताना दोन गोष्टी तपासा. या यंत्राचे काही पडदे १३६६ बाय ७६८चे आहेत. त्यावर इंग्रजी निभावून जातं, पण मराठीतले रफार, मात्रा आणि जोडाक्षरं लहान आकारात एकमेकांत मिसळतात आणि डोळे दुखतात. १९२० बाय १०८०चाच पडदा मागा. दुसरं, २०१७ ते २०१९ दरम्यानच्या अनेक थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट फर्मवेअरचा दोष होता, ज्यामुळे यूएसबी-सीची जागा निकामी होऊ शकते. लेनोवोने दुरुस्ती दिलेली आहे, पण आधीच्या मालकाने ती बसवली होती की नाही ते कुणास ठाऊक. यूएसबी-सीच्या दोन्ही जागांत चार्जर लावून बघा. एलिटबुक ८४० जी५ घेताना पडदा बाजूने बघा. काहींना शेजाऱ्याने डोकावू नये म्हणून खास पडदा बसवलेला असतो आणि तो रोजच्या वापराला मंद वाटतो.

लॅपटॉपची गरज नसेल तर छोटे डेस्कटॉप बघा: डेलचं ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचं थिंकसेंटर टायनी, एचपीचं एलिटडेस्क मिनी. यात बॅटरी फुगण्याची भीती नाही, बिजागरी नाही, आणि त्याच पैशांत जास्त ताकद मिळते. शाळेची किंवा ग्रंथालयाची छोटी लॅब उभारायची असेल तर मी दुसरा पर्याय सुचवणारच नाही.

वायफाय

लिनक्स टाकून पस्तावलेल्यांशी बोला, बहुतेकांचं दुखणं वायफाय असतं.

इंटेलचं कार्ड असेल तर पुढे वाचायची गरज नाही, चालतं. मीडियाटेकचं एमटी७९२१ आणि रिअलटेकची गेल्या काही वर्षांतली कार्डं नव्या कर्नलवर चालतात. ब्रॉडकॉमची अनेक कार्डं, विशेषतः जुन्या मॅकमधली, वेगळा ड्रायव्हर मागतात, आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं, जे तुमच्याकडे त्या वेळी नसतं. यावर साधी तोड म्हणजे फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं इंटरनेट कॉम्प्युटरला द्यायचं. लिनक्स ते बहुधा लगेच ओळखतं.

पूर्वी डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये वायफायची बंदिस्त फर्मवेअर फाइल नसायची आणि नवखे तिथेच अडायचे. जून २०२३मधल्या डेबियन १२पासून ती इन्स्टॉलरमध्येच येते, तेव्हा इंटरनेटवरचे जुने सल्ले वाचून घाबरू नका.

कार्ड बदलता येतं का, हेही विचारा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते एका स्क्रूने बसवलेलं असतं. बदलायचं झालं तर इंटेल एएक्स२१० घ्या. शेजारीच ठेवलेलं एएक्स२११ घेऊ नका: त्याचं अर्धं काम इंटेलच्या मुख्य चिपमध्येच होतं, त्यामुळे एएमडीच्या किंवा जुन्या यंत्रात ते चालत नाही. काही जुनी बायोस ठरावीक कार्डांखेरीज दुसरं कार्ड स्वीकारत नाहीत. २०१४च्या आसपासचं किंवा त्याआधीचं यंत्र असेल तर आधी चौकशी करा. स्वस्तातले यूएसबी वायफाय टाळा. एकाच नावाच्या पाकिटात आत वेगळी चिप निघते.

ग्राफिक्स

इंटेल आणि एएमडी दोघांचेही ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत, खुले आहेत, आणि काही बसवावं लागत नाही. एएमडीच्या रायझेन प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स तर खेळांसाठीही बरं.

एनव्हिडिया घ्यायचं का? ज्यांना कुडा या एनव्हिडियाच्याच प्रणालीवर मशीन लर्निंग करायचंय त्यांना दुसरा चांगला पर्याय नाही, त्यांनी घ्यावं आणि जास्तीचे कष्ट गृहीत धरावेत. एनव्हिडियाने मे २०२२मध्ये कर्नलमधला भाग खुला केला, पण ट्युरिंग म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासूनच्या कार्डांसाठी. त्याआधीची जीटीएक्स ९०० आणि १००० मालिका ५८० क्रमांकाच्या ड्रायव्हर शाखेपुढे नेणार नाही असं कंपनीने जाहीर केलं आहे. म्हणजे ‘गेमिंग लॅपटॉप, १०५० ग्राफिक्ससह’ स्वस्तात मिळाला, तर ड्रायव्हरच्या दृष्टीने तो आताच उताराला लागलाय. बाकीच्यांनी दोन ग्राफिक्स चिपांचा लॅपटॉप घेऊच नये. थिंकपॅड टी४८० आणि लॅटिट्यूडच्याही काही प्रती एनव्हिडियासह येतात, साधी प्रत मागा.

बाकी थोडक्यात. बोटाच्या ठशाने लॉगिन होईलच असं धरू नका, टी४८०चाच सेन्सर सहज चालत नाही. बाराव्या पिढीपासूनच्या काही महागड्या पातळ लॅपटॉपमध्ये इंटेलच्या आयपीयू६ जोडणीचा कॅमेरा असतो, तो लिनक्सवर अजून त्रास देतो. अकराव्या पिढीपासून पुढे अनेक लॅपटॉपमधून जुन्या पद्धतीची खोल झोप काढून टाकलेली आहे, त्यामुळे झाकण मिटून पिशवीत ठेवलेलं यंत्र बॅटरी खात राहतं. आठव्या पिढीबद्दलच्या माझ्या आग्रहाचं हेही एक कारण.

दुकानात जाताना पेनड्राइव्ह घेऊन जा

मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एसपी रोड. आता तर तालुक्याच्या गावीही वापरलेले लॅपटॉप विकणारी दुकानं आहेत. कुठेही जा, पैसे देण्याआधी लिनक्स चालवून बघायचा आग्रह धरा. यासाठी डिस्कला हात लावावा लागत नाही, दुकानदाराचं काही बिघडत नाही, तेव्हा प्रामाणिक माणूस हो म्हणतो. नाही म्हटलं तर दुसरं दुकान.

घरी ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मिंट किंवा उबुंटूची फाइल त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा आणि बलेना एचर किंवा रुफसने पेनड्राइव्हवर लिहा. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, आणि पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. दुकानात पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करताना डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबत राहा आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा. मग ‘इन्स्टॉल’ न दाबता ‘ट्राय’ निवडा. मिंट थेट सुरू होतं.

आता क्रमाने. वायफायला तुमच्या फोनचा हॉटस्पॉट जोडा. यूट्यूबवर व्हिडिओ लावा, आवाज ऐका, डावा-उजवा दोन्ही स्पीकर. ब्लूटूथने फोन जोडा. कॅमेरा उघडा, माइकवर बोलून ऐका. झाकण मिटा, दोन मिनिटं थांबा, उघडा: पडदा परत येतो का, वायफाय परत जोडलं जातं का? कळफलकाची प्रत्येक कळ दाबा. प्रत्येक यूएसबी जागेत पेनड्राइव्ह नव्हे तर माउस लावून बघा, कारण चालू प्रणालीचा पेनड्राइव्ह काढला की ती थांबेल. पडदा पूर्ण पांढरा करा, डाग दिसतात.

मग टर्मिनल, म्हणजे आदेश टंकायची खिडकी, उघडा. एलएसपीसीआय हा आदेश रोमन लहान अक्षरांत सलग टंका, जागा सोडून वजाचं चिन्ह आणि के हे अक्षर द्या. यंत्रातल्या चिपांची यादी येईल आणि ज्यांना ड्रायव्हर मिळालाय त्यांच्याखाली त्याचं नाव. नेटवर्कच्या ओळीखाली ड्रायव्हरचं नाव नसेल तर तिथेच थांबा. बॅटरीसाठी यूपॉवर हा आदेश वजा डी जोडून द्या: मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता हे दोन्ही आकडे दिसतात. ६० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. डिस्कची तब्येत ‘डिस्क्स’ या खिडकीत दिसते.

यंत्र पुन्हा सुरू करून बायोसमध्ये जा. पासवर्ड मागितला तर ते यंत्र सोडून द्या. कंपनीने लावलेला बायोसचा पासवर्ड नव्या यंत्रांत बोर्ड बदलल्याशिवाय सहसा निघत नाही. सुरक्षेच्या पानावर कॉम्प्युट्रेस किंवा ॲब्सोल्यूट (हरवलेलं यंत्र शोधायची सोय) कायमचं चालू दिसलं तरी विचारा, यंत्र कुठून आलं. डेलच्या लॅपटॉपबरोबर अस्सल चार्जरच घ्या. चार्जर ओळखला गेला नाही तर डेल बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरही मंद ठेवतं, आणि मग दोष लिनक्सच्या माथी जातो.

इन्स्टॉल करताना डिस्क दिसली नाही तर

हे फार जणांना घाबरवतं. बायोसमध्ये डिस्कची पद्धत रेड किंवा आरएसटी अशी लावलेली असते. ती एएचसीआय करा. अकराव्या पिढीपासून पुढे याच जागी व्हीएमडी दिसतं, ते बंद करा. विंडोजही ठेवायचं असेल तर हे बदलल्यावर ते सुरू न होण्याची शक्यता असते, म्हणून आधी माहितीची प्रत काढा आणि बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलुपाची रिकव्हरी किल्ली कागदावर लिहून ठेवा. किल्लीशिवाय बायोसमध्ये हात घालू नका. सिक्युअर बूट (सही केलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बंद करण्याची घाई नको, उबुंटू, फेडोरा आणि डेबियन तिघंही त्याच्यासह सुरू होतात.

बीएसडीची इच्छा असेल तर

फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी या लिनक्ससारख्याच वेगळ्या मुक्त प्रणालींवर काम करणारी माणसं कमी, त्यामुळे ड्रायव्हर उशिरा येतात. इथे जुनं इंटेल यंत्र आणखी योग्य. ओपनबीएसडीत ब्लूटूथ नाही, त्यांनी तो भाग २०१४मध्ये काढून टाकला, आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हरही नाही. तारेचा हेडफोन आणि इंटेलचं ग्राफिक्स असेल तर मात्र टी४८०वर ती प्रणाली फार नेटकी चालते. पहिल्यांदाच मुक्त प्रणालीकडे येणाऱ्याने सहा महिने लिनक्सवर काढून मग तिकडे वळावं.

यंत्र घरी आलं की पहिल्याच दिवशी चार्जर लावून फर्मवेअरच्या सुधारणा बसवा, रॅमसाठी मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवा, आणि दुकानदाराने दिलेल्या बदलून देण्याच्या मुदतीत ते रोजच्या कामाला जुंपा, कपाटात ठेवू नका. पावतीवर मॉडेल, सिरियल नंबर, रॅम, डिस्क आणि ही मुदत लिहून घ्यायला दुकानातून निघण्याआधीच सांगा.